डबा, भाकरी आणि माझी एक्सेल शीट

यंदाच्या कोजागरीला मंडळाचा कार्यक्रम आटोपला आणि आम्ही सगळे मसाला दुधाचे पेले घेऊन गच्चीवर गप्पा मारत बसलो होतो. शेजारच्या एका काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "काय रे, कोणती पावडर घेतोस? आमच्या सुनेला पण सांग ना." मी म्हणालो, "काकू, पावडर नाही. चालतो, आणि रात्री भात खात नाही." काकूंना ते अजिबात पटलं नाही. पोरगा लपवतोय, एवढंच त्यांना वाटलं असणार.

त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. तीन वर्षांपूर्वी मी खरोखरच पावडर घेत होतो आणि कुणी न विचारताच ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. त्या सांगत सुटण्याची किंमत माझ्या ताईनं मोजली. हे त्या गच्चीवर, दुधाचा पेला हातात धरून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितो आहे. ताईला विचारूनच लिहितो आहे.

आमचं मूळ गाव बेला मंडलातलं. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात तेलुगू, ऑफिसात इंग्रजी असा आमच्याकडच्या बहुतेकांसारखाच माझाही कारभार. बीई करून हैदराबादच्या कंपनीत लागलो. २०२० साली लॉकडाऊन लागला तेव्हा लॅपटॉप पाठीवर टाकून आदिलाबादला आलो, तो इथलाच झालो. हैदराबादेत निदान बस पकडायला, कॅन्टीनपर्यंत जायला पाय हलत होते. इथे पलंगापासून टेबलापर्यंत सात पावलं. सकाळी चार इडल्या नि शेंगदाण्याची चटणी, दुपारी वरण-भात, पाचच्या मीटिंगआधी मिर्ची भजी, रात्री पुन्हा भात. शिवाय दिवसभरात पाच-सहा चहा, साखर घातलेले. जानेवारी २०२२ मध्ये काट्यावर उभा राहिलो तेव्हा ९२ किलो भरलो. उंची १७० सेंटिमीटर. बीएमआय जवळपास ३२. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, त्यामुळे मी कुठे होतो ते वेगळं सांगायला नको.

त्याच सुमारास आमच्या कॉलनीत एका सरांनी घरातच 'वेलनेस क्लब' सुरू केला. सकाळी सहाला जायचं, कोमट पाण्यातलं पेय घ्यायचं, शेक प्यायचा, टाळ्या वाजवून एकमेकांचं अभिनंदन करायचं. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. स्वतः तेच घेतात, मनापासून घेतात. त्यांनी मला एक पॅकेज दिलं. सकाळी जेवणाऐवजी शेक, रात्री जेवणाऐवजी शेक, आणि दिवसातून दोनदा 'चरबी जाळणाऱ्या' वनस्पतींच्या कॅप्सूल. सोबत रोज अर्धा तास चालायचं. महिन्याला साडेपाच हजार. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात महिन्याचा किराणा येतो." मी म्हटलं, किराण्यानंच तर ही वेळ आणली.

तीन महिन्यांत वजन ८४ वर आलं. आठ किलो! पँटी ढगळ झाल्या. सरांनी क्लबमध्ये माझे आधीचे-नंतरचे फोटो लावले. मी व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर ते टाकले. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला तब्येतीवरून सल्ला विचारायला लागले होते आणि ते मला फार आवडत होतं, हे कबूल करतो.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया मेच्या सुरुवातीला होती. ताई किनवटहून माहेरी आली. किनवट इथून जवळच, मुदखेडच्या गाडीनं निघालं की वाटेतच लागतं. ताईच्या नणंदेच्या मुलीचं लग्न पुढे होतं आणि ताईला लग्नाआधी थोडं उतरायचं होतं. मला पाहून ती थक्क झाली. मी लगेच सरांकडे जाऊन तिच्यासाठी कॅप्सूलच्या तीन बाटल्या आणल्या. शेक महाग होता आणि तिच्या घरी सासू-सासऱ्यांचं जेवणखाण वेगळं करणं अवघड, म्हणून "ताई, तू नुसत्या कॅप्सूल घे, त्याच तर खऱ्या काम करतात" असं मीच म्हणालो. हे वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं.

आषाढ लागला तेव्हा दाजींचा फोन आला. ताईला आठवडाभर जेवण जात नाही, मळमळतं, लघवी गडद होते. दोन दिवसांनी डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणीतरी जवळच्या खेड्यातला कावीळ उतरवणारा सांगितला, त्याच्या मुळीत आणि पथ्यात आणखी सहा दिवस गेले. मग तिला नांदेडला नेलं. एसजीपीटी नावाची यकृताची तपासणी असते, ती साधारण चाळीसच्या आत असावी लागते. ताईची अकराशेच्या पुढे होती. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीच्या तपासण्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडे नाहीत. डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं, "कुठलं औषध चालू आहे का?" ताईनं तिन्ही वेळा सांगितलं, "नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. वनस्पतींचं होतं, आणि भावानं आणून दिलेलं होतं. कावीळवाल्याच्या मुळीबद्दलही ती बोलली नाही, त्याच कारणानं.

मी तोवर नांदेडला पोचलो होतो. वॉर्डाच्या दारात उभा राहून ऐकत होतो. तिसऱ्या 'नाही'ला मी आत गेलो आणि बाटलीचा फोटो डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मागचं लेबल मोठं करून वाचलं. गार्सिनियाचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, ग्रीन कॉफी आणि आणखी चार-पाच नावं. ते म्हणाले, यामुळेच झालं असं शंभर टक्के सिद्ध करता येत नाही, पण बाकीची कारणं निघून गेली आहेत आणि यातले घटक यकृताला त्रास देऊ शकतात. ती मुळी निदान कावीळ झाल्यानंतरची आहे, हे मात्र आधीचं आहे. दोन्ही आत्ताच्या आत्ता बंद.

बंद केल्यावर आकडे हळूहळू उतरले. पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागले. लग्न हुकलं. ताई मला एका शब्दानं बोलली नाही. उलट म्हणाली, "अरे, तू काय मुद्दाम दिलंस?" ती दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

घरी आल्यावर मी माझ्या बाटल्या टाकून दिल्या आणि कितीतरी दिवस त्या विषयाकडे पाहिलंच नाही. डिसेंबरपर्यंत वजन पुन्हा ९० झालं. मग एका रविवारी, का कोण जाणे, वर्षभराची एक्सेल शीट उघडली. सवयीनं मी रोजचं वजन, खाणं, पावलं असं सगळं नोंदवून ठेवलं होतं. त्यात जे दिसलं ते मला खरं तर आधीच दिसायला हवं होतं. माझा धंदाच तो आहे.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. एकाच रिलीजमध्ये तीन बदल सोडले आणि बग गेला, तर तो कोणत्या बदलानं गेला हे सांगता येत नाही. मी जानेवारीत तीन बदल एकदम सोडले होते: कॅप्सूल, दोन जेवणांऐवजी शेक, आणि चालणं. श्रेय मात्र कॅप्सूलला दिलं, कारण पैसे तिचे लागले होते.

मग हिशेब मांडला. सकाळच्या चार इडल्या, चटणी, चहा मिळून अंदाजे ५०० कॅलरी होत होत्या, शेकच्या २००. रात्रीचं जेवण ७०० च्या आसपास, त्याजागी पुन्हा २००. म्हणजे रोजचे ८०० वाचले. नव्वद दिवसांचे ७२,०००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानानं ७,७०० कॅलरी धरतात. भागाकार केला तर नऊ किलोच्या वर उतरायला हवं होतं. उतरलं आठ. शरीर कमी खाण्याला सरावून खर्चही थोडा कमी करतं, म्हणून तो फरक समजण्यासारखा आहे. पण कॅप्सूलनं काय केलं? तिच्या वाट्याला हिशेबात काही उरतच नव्हतं.

आणि खालच्या ओळी तर त्याहून बोलक्या होत्या. मे आणि जूनमध्ये शेकचा कंटाळा येऊन मी पुन्हा जेवायला लागलो होतो. आंबे होते, लग्नं होती. पण कॅप्सूल चालूच होत्या, एकही दिवस न चुकता. त्या दोन महिन्यांत वजन ८४ वरून ८६ झालं होतं. ताईला "त्याच तर खऱ्या काम करतात" म्हणत होतो, आणि त्याच आठवड्यांत माझ्याच शीटमध्ये त्याचं उत्तर लिहिलं जात होतं. मी वाचलं नव्हतं.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आधीच तपासून झाली आहे. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती मलबारी चिंच. आमसूल खाऊन कुणाला काही होत नाही. सालीतल्या एका आम्लाचा घट्ट अर्क काढून कॅप्सूल भरली की ती वेगळीच वस्तू होते. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या अर्काची चाचणी छापून आली. १३५ जण, बारा आठवडे. अर्ध्यांना गार्सिनिया, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या, आणि सगळ्यांना एकच कमी कॅलरीचा, चोथायुक्त आहार. गार्सिनियावाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं. पोकळ गोळीवाल्यांचं ४.१. फरक योगायोगाचा म्हणण्याइतकाच होता, म्हणून पोकळ गोळी सरस असं कुणी म्हणू नये. पण दोन्हीकडे उतरलं, आणि ते आहारानं उतरलं. यातल्या गार्सिनिया घेणाऱ्या प्रत्येकाला विचारलं असतं, तर त्यानं माझ्यासारखेच आधीचे-नंतरचे फोटो दाखवले असते. खोटं कुणीच बोललं नसतं.

ग्रीन टीचंही तसंच. कपातला चहा वेगळा, अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की या अर्कातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं, तर काहींच्या यकृताचे आकडे वाढलेले दिसतात. किती कप चहा पितो ते आपल्याला कळतं, किती कॅप्सूल म्हणजे किती कप हे कळत नाही.

आता लेबलाविषयी थोडं. माझ्या बाटलीवर बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं होतं. अशा डब्यांना आपल्याकडे औषध म्हणून नव्हे, खाद्यपदार्थ म्हणून परवाना मिळतो, आणि म्हणून ते वाक्य छापावंच लागतं. औषधाला बाजारात यायच्या आधी ज्या चाचण्या द्याव्या लागतात, त्या इथे द्याव्या लागत नाहीत. दुसरीकडे १९५४ सालचा एक कायदा आहे, औषधं आणि चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. ज्या विकारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणजे डबा अन्न म्हणून विकायचा आणि बोलायचं औषधासारखं, अशी ही कसरत. लिहून काही देत नाहीत. सगळं तोंडी चालतं, फोटो दाखवून. ते फोटो माझ्यासारखा ग्राहक फुकट पुरवतो.

एक धोका मात्र याहून मोठा. काही 'हर्बल' गोळ्या खरोखर काम करतात, भूक मरते, वजन झपाट्यानं उतरतं. अशा वेळी खूश होऊ नका, संशय घ्या. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध एकेकाळी डॉक्टर लिहून देत. जवळपास दहा हजार लोकांवरच्या मोठ्या चाचणीत दिसलं की हृदयविकार असलेल्यांमध्ये झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका त्यानं वाढतो. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते काढलं, २०११ मध्ये भारतानं त्यावर बंदी घातली. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्यानंतरही कितीतरी 'शंभर टक्के नैसर्गिक' स्लिमिंग कॅप्सूलमध्ये हेच लपवून घातलेलं सापडत आलं आहे. लेबलावर अर्थातच त्याचं नाव नसतं.

मग मी काय केलं? काही विशेष नाही, आणि हाच या विषयाचा अडचणीचा भाग आहे. सांगायला गेलं की कंटाळवाणं वाटतं.

जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरुवात केली. आईला म्हटलं, रात्री मला भाकरी दे. आई हसली. आजोबांच्या वेळी आमच्या शेतात ज्वारी असायची, रोजचं जेवण भाकरीचंच. भात सणाला. आता शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर, रेशनवर माणशी सहा किलो तांदूळ, तोही आता बारीक. भाकरी थापायला वेळ लागतो, कुकर तीन शिट्ट्यांत मोकळा होतो. त्यामुळे आमच्या घरातून भाकरी कधी गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण हल्ली ज्वारीलाही लोक औषध करून टाकत आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि शंभर ग्रॅम तांदळात कॅलरी जवळपास सारख्याच, साडेतीनशेच्या आसपास. ज्वारीत चोथा बराच जास्त, त्यामुळे पोट भरल्यासारखं राहतं, हे खरं. पण माझ्या बाबतीत खरा फरक वेगळाच निघाला. भाकरी आपण मोजून खातो, भात कधीच मोजत नाही. "एक देऊ की दीड?" असं आई भाकरीला विचारते. भाताला विचारत नाही, वाढते. दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण, आंबाडीची किंवा मेथीची भाजी, कांदा. एवढ्यावर मी उठायला लागलो. मिर्ची भजी आठवड्यातून एकदा, रविवारी, राजरोस. चहा दोन, साखर अर्धी. इडली सोडली नाही, चारच्या दोन केल्या आणि सोबत एक अंडं.

चालण्याचं मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा उलटं निघालं. मला वाटायचं चाललं की वजन उतरतं. हिशेब केला तर माझ्या वजनाचा माणूस पाच किलोमीटर चालून जेमतेम ३०० कॅलरी खर्च करतो. एक मोठा समोसा खाल्ला की तासाभराची कमाई संपली. नुसतं चालून वजन उतरवायला निघालेले आणि सहा महिन्यांनी वैतागून सोडलेले कितीतरी लोक मी स्टेडियमवर पाहिले आहेत. वजन उतरतं ते ताटात. चालण्याचा उपयोग दुसरीकडे असतो.

तो कुठे, हे मला चेन्नईच्या एका अभ्यासातून कळलं. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ जण निवडले, ज्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. चार गट केले. एकाला नेहमीसारखा सल्ला, दुसऱ्याला आहार नि रोज निदान अर्धा तास चालणं, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. निष्कर्ष २००६ मध्ये छापले. सुमारे अडीच-तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणाऱ्यांत ३९.३ टक्के, गोळीवाल्यांत ४०.५, दोन्ही करणाऱ्यांत ३९.५. म्हणजे चालण्यात गोळीची भर घालून काही जास्त मिळालं नाही. आणि चालणाऱ्यांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं! काटा हलला नाही, तरी आत काहीतरी सुधारलं होतं. हे वाचल्यापासून काट्यावर रोज चढायचं मी सोडलं. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. सोबत कंबर मोजतो. पुरुषांना नव्वद आणि बायकांना ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. माझी १०४ होती, आता ९३ आहे.

कंबरेचं एवढं का, ते आमच्या दाजींकडे पाहून कळतं. दाजी शिडशिडीत, वजन ६४ किलो, पण पोट थोडं पुढे. "मला काय गरज?" म्हणत आले. ताईच्या आजारपणात नांदेडलाच त्यांनीही सहज रक्त दिलं, तर साखर वाढलेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रकारावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून जाड असू शकतो, एवढी मोठी गोष्ट एका फोटोत. काटा दाजींना कधीच काही सांगणार नव्हता.

आता डॉ. दीक्षितांबद्दल. हा विषय निघाला आणि त्यांचं नाव आलं नाही, असं मराठी घरात होऊच शकत नाही. एकेकाळी लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित, मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. दिवसात दोनदाच, भूक लागेल तेव्हा जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. २०१८-१९ मध्ये आमच्या नात्यातल्या निम्म्या घरांत यावरून वाद चालू होते, कारण त्याच वेळी ऋजुता दिवेकर याच्या अगदी उलट, थोडं थोडं, वेळेवर आणि तूप घालून खा, असं सांगत होत्या. मी दोन जेवणांचा प्रयोग दोन महिने केला. ऑफिसच्या कॉल्समुळे जमला नाही, चिडचिड व्हायची. माझ्या मावसभावाला मात्र उत्तम जमला, त्याचं अकरा किलो उतरलं. मला यातली एक गोष्ट आवडते, दोघांच्याही पद्धतीला स्वयंपाकघराबाहेरचा डबा लागत नाही. ज्याला जे वर्षभर पेलेल ते त्यानं करावं. फक्त ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. दाजींना हे आम्ही बजावून ठेवलं आहे.

गेल्या काही महिन्यांत इंजेक्शनांबद्दलही लोक विचारतात. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये आपल्याकडे आलं. ही औषधं आहेत, डबे नव्हेत, आणि खरोखर काम करतात. वेगोव्हीतल्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, पोकळ इंजेक्शनवाल्यांचं २.४ टक्के. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं, हेही तिथेच दिसलं. ज्याला गरज आहे त्यानं चांगल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लठ्ठपणा हा आळशीपणा नव्हे. पण कॉलनीतल्या सरांकडे ते मिळायला लागलं, तर पळ काढा.

माझं वजन चौदा महिन्यांत ९० वरून ८१ झालं. आज ८२ आहे. म्हणजे महिन्याला सरासरी पाऊण किलोही नाही. क्लबमध्ये या वेगाला कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. मधले तीन महिने काटा जागचा हललाच नाही, तेव्हा बाटलीची आठवण झाली हेही सांगून टाकतो. आदिलाबादची डिसेंबरातली थंडी तुम्हाला माहीतच आहे. पहाटे रजईतून निघवत नाही, तेव्हा संध्याकाळी चालतो. मेमध्ये ऊन इतकं असतं की रात्री जेवल्यावरच बाहेर पडता येतं.

सरांना मी ताईचं सगळं सांगितलं होतं. ते ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "माझ्याकडं चाळीस लोक घेतात, कुणाला काही झालं नाही." मी म्हटलं, चाळीसांनी यकृताची तपासणी केली आहे का? त्यांनी केली नव्हती. क्लब अजून चालू आहे. माझा फोटो भिंतीवरून काढा म्हणून दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन काढला.

ताई दिवाळीत आली होती. तिचे यकृताचे आकडे आता बरोबर आहेत, तरी वर्षातून एकदा ती तपासून घेते. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी म्हटलं, चल, मावल्याच्या तळ्यापर्यंत फिरून येऊ. तिनं चपला शोधल्या, आईनं मागून विचारलं, रात्री किती भाकरी टाकू? ताई म्हणाली, "मला एक. याला विचारू नको, हा मोजून सांगेल."